नेव्हीत बढती होत होत मंत्री होता येतं का? आर्णी तालुक्यातल्या एका बापाचं पत्र

पत्र : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला कास्तकार. साडेचार एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी अन् सोयाबीन. मोठी पोरगी यंदा दहावीत आहे. अभ्यासात बरी, गणितात मात्र अडखळते. तिनं कुठं तरी वाचलं का एका देशात नौदलाचा अधिकारी पुढं संरक्षणमंत्री झाला. तेव्हापासून एकच धरून बसली आहे, 'मी नेव्हीत जाईन, मग संरक्षणमंत्री होईन.' शाळेच्या भाषणातही हेच बोलली. आता गावातले पोट्टे तिला 'मंत्रीणबाई' म्हणून हाका मारतात. माझा साळा म्हणते, मंत्री व्हायचं तर आर्ट्स घ्या, राज्यशास्त्र घ्या. सायन्सचं कॉलेज बावीस किलोमीटर, पोरगी रोज जाईल कशी? जिल्ह्याच्या एका अकादमीवाल्यानं दोन वर्षांचे दीड लाख सांगितले, सिलेक्शनची गॅरंटी देतो म्हणते. बैलजोडी विकली तर अर्धे होतील. मला एवढंच सांगा, नेव्हीत बढती होत होत माणूस मंत्री होते का? पोरीचं मन मोडू का बैल विकू?

उत्तर : भाऊ, नमस्कार.

बैलजोडी विकू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत तुमच्या दारात गिऱ्हाईक उभं राहायला नको. नौदलात अधिकारी व्हायची बारावीनंतरची वाट एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जाते. तिची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. त्यात पास झालेल्यांना सेनादलांचे अधिकारी पाच दिवस ठेवून घेतात, बोलतं करतात, पारखतात. मग वैद्यकीय तपासणी होते. या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी त्या अकादमीवाल्याचं काडीचंही चालत नाही. मग तो गॅरंटी कशाच्या जोरावर देतो? चांगले शिकवणारे मास्तर आपल्या जिल्ह्यात आहेत, पण त्यातला कुणी निवडीची हमी देत नाही. जो देतो त्याच्याकडं पोरीला पाठवू नका, अर्ध्या पैशात देतो म्हणाला तरी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बढती होत होत मंत्री होता येत नाही. नौदलात अधिकारी सब-लेफ्टनंट म्हणून लागतो. मग लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर अॅडमिरल, व्हाइस अॅडमिरल असं चढत लाखात एखादा अॅडमिरल होतो, म्हणजे नौदलप्रमुख. संरक्षणमंत्री त्या रांगेतला नसतो. तो लोकांच्या बाजूनं येतो आणि तिन्ही दलांचे प्रमुख त्याला जाब देतात. आपल्या राज्यघटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणं मंत्री झालेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत संसदेचं सदस्य व्हावंच लागतं. यशवंतराव चव्हाणांना चीनच्या युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, नेहरूंनी मुंबईहून दिल्लीला बोलावून घेतलं. ते तेव्हा मुख्यमंत्री होते, संसदेत नव्हते. मग पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. त्यांनी फौजेचा गणवेश कधी घातला नव्हता, तरी १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री तेच होते.

उलट, गणवेशातून त्या खुर्चीपर्यंत गेलेलं आपल्याकडचं उदाहरण जसवंत सिंहांचं. ते लष्करात मेजर होते, नोकरी सोडली, राजकारणात आले आणि २००१ मध्ये काही महिने संरक्षण खातं त्यांच्याकडं होतं. नौदलातून आलेला माणूस मात्र आपल्या देशात अजून संरक्षणमंत्री झालेला नाही. नोकरीत असताना पक्षात जाता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. गणवेश उतरवायचा, लोकांत जायचं, आणि मग लोकांनी निवडून दिलं तर पुढचं. ही दोन वेगळी आयुष्यं आहेत, एकामागून एक जगायची. तुमच्या लेकीला हे आधी नीट समजावून सांगा, आणि सांगताना तिला खाली बघायला लावू नका. स्वप्न चुकीचं नाही, तिला वाट माहीत नाही इतकंच.

तिनं नेमकं कुणाबद्दल वाचलं ते तुम्ही लिहिलं नाही. असे पुष्कळ आहेत. चीनमध्ये डोंग जून नौदलाचे प्रमुख होते, ते डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्री झाले. पण तिथं लोकांनी निवडून देण्याचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये पेनी मॉर्डंट २०१९ मध्ये संरक्षणमंत्री झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई, आणि ब्रिटिश नौदलाच्या राखीव दलातल्या. नऊ वर्षं खासदारकी केल्यावर ते पद मिळालं आणि तीन महिनेही टिकलं नाही. नवा पंतप्रधान आला, मंत्री बदलले. अमेरिकेनं तर कायदाच केला आहे की सैन्यातला अधिकारी निवृत्त होऊन सात वर्षं, आणि जनरल-अॅडमिरलच्या दर्जाचा असेल तर दहा वर्षं, उलटल्याशिवाय संरक्षणमंत्री होऊ शकत नाही. सवलत द्यायची तर संसदेला खास कायदा करावा लागतो.

पण मला विचाराल तर तिला दक्षिण कोरियाच्या सोन वॉन-इल यांची हकीकत सांगा. मला स्वतःला ती फार मोलाची वाटते, म्हणून थोडी सविस्तर लिहिते.

जन्म १९०९ चा, आज जो उत्तर कोरिया आहे त्या भागातला. पोरगं वर्षाचं व्हायच्या सुमाराला जपाननं अख्खा कोरिया गिळला. वडील पाद्री आणि स्वातंत्र्यलढ्यातले मोठे पुढारी, त्यामुळं घरादाराचा मुक्काम चीनमध्ये. मुलानं शांघायला नौकानयनाचं शिक्षण घेतलं. स्वतःचा देशच नाही, मग देशाचं नौदल कुठून असणार? तो व्यापारी जहाजांवर राबला, जर्मन जहाजांवर दूरदूर फिरला. १९३४ मध्ये जपानी पोलिसांनी पकडलं, छळ केला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान हरला आणि छत्तीस वर्षांचा हा माणूस सोल शहराच्या भिंतींवर कागद चिकटवत फिरू लागला. मजकूर साधा होता: देशाचा समुद्र राखायला सोबती हवेत. त्या ११ नोव्हेंबरला सत्तरेक माणसं घेऊन त्यानं दल उभं केलं. आजही दक्षिण कोरियाचं नौदल तोच आपला वाढदिवस मानतं.

दल झालं, पण लढाईचं जहाज एकही नाही. सरकारकडं पैसा नाही. मग नौदलातल्या माणसांनी दरमहा आपल्या पगारातून कपात करून घेतली. त्यांच्या बायकांनी लोकांचे कपडे शिवले, धुणी धुतली आणि ते पैसे जहाजाच्या निधीत टाकले. राष्ट्राध्यक्षांनी वर भर घातली. त्यातून १९४९ मध्ये अमेरिकेत एक जुनी गस्तीनौका १८,००० डॉलरला विकत घेतली. तिच्यावर तोफ नव्हती. खलाशांनी स्वतःच गंज खरवडला, रंग दिला, इंजिन चालू केलं. नाव दिलं बेकदुसान, त्यांच्या पवित्र डोंगराचं. येता येता हवाईला थांबून तोफ बसवून घेतली. गुआम बेटावर गोळे घेतले. किती? अवघे शंभर. पुरवून पुरवून वापरायचे, म्हणजे सरावातही उडवायचे नाहीत.

एप्रिल १९५० मध्ये जहाज कोरियाला पोचलं आणि २५ जूनला युद्ध पेटलं. त्याच रात्री बुसान बंदराच्या बाहेर एक काळोखं जहाज दिसलं, डेकवर सैनिक दाटीवाटीनं बसलेले. उत्तर कोरियाचे सुमारे सहाशे जण होते. ते बुसानला उतरले असते तर मदत यायचं महत्त्वाचं बंदर पहिल्याच दिवशी हातातून गेलं असतं. बेकदुसाननं ते जहाज बुडवलं. शिवणकामाच्या पैशातून आलेल्या त्या शंभर गोळ्यांतून.

सोन तेव्हा अमेरिकेतून घेतलेली आणखी जहाजं घेऊन परतीच्या वाटेवर होते. पुढं इंचॉनच्या प्रसिद्ध चढाईत ते होते. जून १९५३ मध्ये ते नौदलातून निवृत्त झाले आणि संरक्षणमंत्री झाले. राष्ट्राध्यक्षांनी नेमलं, तिथली पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. १९५६ पर्यंत ते पदावर होते, नंतर पश्चिम जर्मनीत राजदूत. १९८० मध्ये वारले. कोरियाच्या पाणबुड्यांच्या एका वर्गाला त्यांचं नाव आहे, आणि लोक त्यांना नौदलाचे जनक म्हणूनच ओळखतात. मंत्रिपदाची तीन वर्षं त्यांच्या चरित्रात असतात, पण मधे कुठं तरी, एका परिच्छेदात.

हे वाचल्यावर तुमच्या लेकीला एक गोष्ट विचारा: यातलं तुला काय करावंसं वाटतं? भिंतीवर कागद चिकटवणं, गंज खरवडणं, शंभर गोळ्यांत काय काय बसेल याचा हिशोब, की शेवटची खुर्ची? पंधरा-सोळाच्या पोरीला खुर्ची दिसणं साहजिक आहे. तिच्या उत्तरात जहाज आलं तर समजा पोरगी खरंच समुद्राची आहे. नुसती खुर्ची आली तरी रागावू नका, पण मग घाईही करू नका.

आता साळ्याचं आर्ट्स. इथं मी त्यांच्याशी अजिबात सहमत नाही. आमदार-खासदार व्हायला आपल्या कायद्यात शिक्षणाची कसलीच अट नाही. लोकसभेला वय पंचवीस हवं, राज्यसभेला तीस. म्हणजे राज्यशास्त्र घेऊन मंत्रिपदाचं दार काही अधिक उघडत नाही. उलट एनडीएतून नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हे तिन्ही विषय लागतातच. आर्ट्स घेतलं तर एनडीएतून फक्त लष्कर उरतं. अकरावीच्या फॉर्मवरचा एक चुकीचा शिक्का आणि समुद्राची ही वाट बंद. पदवीनंतर नौदलात अधिकारी म्हणून शिरायचं तरी मुख्यतः इंजिनिअरिंगचं शिक्षण मागतात. सायन्स घेऊन पुढं मन बदललं तर आर्ट्सकडं वळता येतं, उलटं होत नाही.

बावीस किलोमीटरचं म्हणाल तर एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेतून गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. कॉलेजातून फॉर्म भरून घ्यायचा, आगारातून पास घ्यायचा. खरा त्रास गाडीच्या वेळेचा असतो. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. त्याच कॉलेजला जाणाऱ्या गावातल्या, शेजारच्या वाडीतल्या दोन-तीन पोरी एकत्र करा. चार पोरींचे बाप एकत्र जाऊन बोलले की आगारवाले वेळेचं ऐकतात.

याहून चांगली एक सोय आहे. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, आणि आता मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. दहावीनंतर दोन वर्षं तिथं ठेवून एनडीएची तयारी करून घेतात. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होते, जागा थोड्या असतात. अर्जाची जाहिरात दहावीच्या वर्षातच निघते, म्हणून आजच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना आणि गणिताच्या सरांना सांगून ठेवा की लक्ष ठेवा. सरकारी संस्थेत दीड लाखाचा प्रश्न येत नाही.

गणितात अडखळते म्हणता. हे गंभीर आहे, पण यावर उपाय आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा एक स्वतंत्र पेपर आहे, ३०० गुणांचा, अडीच तासांचा. दुसरा ६०० गुणांचा, त्यात इंग्रजी, विज्ञान आणि सामान्य ज्ञान. उत्तर चुकलं तर गुण कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाही. म्हणजे अकरावी लागायच्या आधी दोन कामं करायची: आठवी-नववी-दहावीच्या गणितातला जो धडा कच्चा आहे तो परत करायचा, आणि रोज इंग्रजी मोठ्यानं वाचायचं. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, आयोगाच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट आहेत. परीक्षेची फी मुलींना माफ आहे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते, म्हणजे दोन-चार संधी मिळतात. निवड झाली तर खडकवासल्याची तीन वर्षं आणि मग केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीतलं एक वर्ष, शिकवणं-राहणं-जेवणं सगळं सरकारी. सुरुवातीला कपड्यालत्त्यासाठी, वरखर्चासाठी काही हजार भरावे लागतात, तेवढे साठवून ठेवा. आणि पोहता येत नाही म्हणून कुणी हसलं तर सांगा, ते तिथं शिकवतात.

खरं तेही सांगितलं पाहिजे. एनडीएत मुलींना प्रवेश २०२२ मध्ये सुरू झाला, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. परीक्षेला लाखो बसतात आणि नौदलाच्या वाट्याला मुलींच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या येतात. ती चांगली असूनही निवड न होण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून दुसरी वाट आजच डोळ्यांसमोर ठेवा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ७० टक्के आणि जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत चांगला क्रमांक असेल तर नौदल थेट एळिमलाला बी.टेक.साठी घेतं. ते नाही जमलं तर इंजिनिअरिंग करून अधिकारी व्हायचे मार्ग आहेत. व्यापारी जहाजं आहेत. सोन वॉन-इल यांनी सुरुवात तिथूनच केली होती. अकरावी-बारावीला मनापासून केलेलं गणित यातल्या प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतं.

पोरीला हेही सांगा की बायका तिथं आता पाहुण्या राहिलेल्या नाहीत. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या छोट्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, नावेवर पुरुष एकही नव्हता. २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी या आपल्याच मराठी मुलीकडं 'आयएनएस त्रिंकट' या युद्धनौकेची सूत्रं आली. युद्धनौकेचं नेतृत्व करणारी भारतीय नौदलातली पहिली महिला. आणि संरक्षणमंत्रिपदावर इंदिराबाई आणि निर्मला सीतारामन बसून गेल्या आहेत.

राहिलं राजकारण. त्यासाठी तिनं आत्ता कुठल्या पक्षाच्या मोर्चात जाण्याची गरज नाही, आणि जाऊ देऊ नका. रास्ता रोकोत नाव आलं आणि पोलिसात गुन्हा दाखल झाला तर नोकरीच्या वेळच्या चारित्र्य पडताळणीत ते आडवं येतं. तालुक्याचे पुढारी भाषण ऐकून 'आमच्या युवती आघाडीत द्या पोरीला' म्हणायला येतील. नम्रपणं नाही म्हणा. त्याऐवजी २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तिला सोबत न्या. मत देता येणार नाही, पण बसून ऐकता येईल. आपल्या ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे किती पैसे आले, नालीवर किती गेले, शाळेच्या संडासावर किती, हे वहीत लिहून घेऊ द्या. घरी आल्यावर तिला तुमच्यासमोर तो हिशोब मांडायला लावा. संरक्षणमंत्र्याचं निम्मं काम हेच असतं: पैसा एवढा, गरजा एवढ्या, आधी काय घ्यायचं. बी-बियाणं, खत आणि फवारणीत तुम्ही मृगाच्या तोंडावर जे करता, तेच.

'मंत्रीणबाई' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? पोट्ट्यांशी तुम्ही भांडू नका, पण मोठ्या माणसांनी चिडवलं तर गप्पही बसू नका. पारावर चारचौघांत एकदा शांतपणं म्हणा, 'माझी पोरगी परीक्षा देणार आहे.' बापानं असं उघडपणं म्हटलेलं पोरीच्या कानावर जातं, आणि ते तिला दीड लाखाच्या क्लासपेक्षा जास्त बळ देतं. तिलाही सांगा की कुणी विचारलं तर पुढच्या परीक्षेचं सांगायचं, मंत्रिपदाचं स्वप्न वहीत राहू द्यायचं.

एक विचारायचं राहिलं. एवढ्या मोठ्या पत्रात तिच्या आईला काय वाटतं ते कुठंच नाही. मामाचं मत आलं, अकादमीवाल्याचं आलं, गावातल्या पोट्ट्यांचंही आलं. पोरगी होस्टेलवर गेली तर घरचं पाणी, वेचणीची मदत, धाकट्यांचं बघणं हे सगळं त्या माउलीवर येणार आहे. आज संध्याकाळी त्यांना विचारा, आणि पोरगी समोर असताना विचारा.

आणि या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जाऊन पोरीचे डोळे तपासून घ्या, रंग नीट ओळखता येतात का तेही बघायला सांगा. सोबत हिमोग्लोबिनची तपासणी करा. आपल्याकडच्या पोरींचं रक्त कमी असतं, पळताना धाप लागते आणि घरच्यांना वाटतं की अंगात ताकद नाही. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. काही महिने नेमानं घेतल्या, जोडीला पालेभाजी, गूळ-शेंगदाणे दिले की फरक पडतो. डोळ्यांचा रिपोर्ट काय आला ते मला कळवा. रंग ओळखण्यात अडचण निघाली तर पुढची वाट वेगळी आखावी लागेल, आणि ते दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.